कचेरीचा टेलिफोन आणि एकच नामावली

मोठ्या कचेरींत किंवा कारखान्यांत टेलिफोनची स्वतंत्र यंत्रणा असते. बाहेर जाणाऱ्या वाटा थोड्या, आंतील शाखा अनेक, आणि प्रत्येक शाखेस एक लहानसा क्रमांक. ही यंत्रणा त्या संस्थेच्या मध्यवर्ती नामावलीशीं कां जोडावी व कशी जोडावी, एवढाच आजचा विषय आहे.

अमेरिकेंतील न्यू हेवन गांवीं १८७८ च्या फेब्रुवारींत पहिली टेलिफोन-डिरेक्टरी निघाली. ती एका पानाची होती. तींत ५० नोंदी होत्या, पण क्रमांक एकही नव्हता. कोणाची तार कोठें जोडावयाची हें कचेरींतील माणसांस तोंडपाठ असे. पुढल्याच वर्षीं लोवेल गांवांत गोवराची साथ आली. तेव्हां डॉ. मोझेस पार्कर यांस भय वाटलें कीं, हीं जाणतीं माणसें एकदम आजारी पडलीं तर साऱ्या गांवाचा टेलिफोन मुका होईल. म्हणून त्यांनीं प्रत्येकास क्रमांक देण्याची सूचना केली.

तोच धोका आज निराळ्या रूपानें उभा आहे. सातपूर किंवा अंबड येथील एखादा मोठा कारखाना डोळ्यांपुढें आणा. नोकरांची यादी एका खात्यापाशीं, पगाराची दुसऱ्यापाशीं, टेलिफोनची तिसऱ्यापाशीं. एक गृहस्थ निवृत्त होतात. दोन याद्यांतून त्यांचें नांव जातें, तिसरींत राहतें. मग रात्रपाळीस आग लागली आणि पहारेकऱ्यानें सुरक्षा-अधिकाऱ्याचा क्रमांक लावला, तर घंटा वाजते ती रिकाम्या खोलींत! शिवाय परगांवीं बोलण्याची त्या गृहस्थांची सवलत तशीच चालू राहून भलताच मनुष्य तिचा लाभ घेतो तो वेगळाच.

यावरील उपाय नाशिककरांस अपरिचित वाटूं नये. येथील व त्र्यंबकेश्वरींच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपणांपैकीं अनेकांनीं पाहिल्या असतील. यात्रेकरूनें गांव व आडनांव सांगावें, कीं नेमकी वही निघते आणि आजोबा-पणजोबांचीं नांवें समोर येतात. गांव, मग कुळ, मग माणूस, अशी ती उतरंड. संगणकावरील नामावलीही तशीच रचलेली असते: वर संस्था, तिच्याखालीं खातें, शेवटीं व्यक्ति. अशा नामावलीचा एक्स-५०० नांवाचा आंतरराष्ट्रीय नमुना १९८८ सालीं ठरला. परंतु तो व्यवहारास फार अवजड होता. म्हणून मिशिगन विद्यापीठांत तिला प्रश्न विचारण्याची एक हलकी रीत सिद्ध झाली व १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. तीच एल-डॅप. टेलिफोनची यंत्रणा बहुधा याच रीतीनें नामावलीशीं बोलते.

आतां जोडणीचा क्रम पाहूं. प्रथम नामावली शुद्ध करावी. प्रत्येक माणसास एक कायमची खूण असावी, आणि ती खूण नांव नसावें. एका कारखान्यांत पाटील अनेक असतात, विवाहानंतर आडनांवही बदलूं शकतें. नोकर-क्रमांक मात्र तोच राहतो. टेलिफोनचे क्रमांकही एकाच पद्धतीनें लिहावे: अधिक चिन्ह, देशाचा ९१, नाशिकचा २५३, आणि मग स्थानिक क्रमांक.

दुसरें, यंत्रणेस नामावली वाचण्यापुरताच परवाना द्यावा, लिहिण्याचा नव्हे. आणि हें संभाषण सांकेतिक रूपांत झांकलेलें असावें. तिसरें, शोध नामावलीच्या कोणत्या शाखेपासून सुरू करावा, व तिच्यांतील कोणता रकाना यंत्रणेंतील कोणत्या रकान्याशीं जुळतो, हें ठरवावें.

चौथें, ठराविक वेळानें दोहोंची तुलना व्हावी. नवा मनुष्य आला तर त्यास शाखा मिळावी, गेला तर त्याची बंद व्हावी. येथें मोठी सावधगिरी हवी. बिघाडामुळें नामावलीकडून कोरें उत्तर आलें, तर सर्वजण नोकरी सोडून गेले असें समजून यंत्रणेनें साऱ्या शाखा पुसूं नयेत. एका खेपेस किती नांवें गळूं शकतात यास मर्यादा असावी. तिच्यापुढें मनुष्याची संमति लागावी.

पांचवें, परवलीचा शब्द. सुव्यवस्थित नामावलींत तो उलट उलगडतां येणार नाहीं अशा रूपांत ठेवलेला असतो. टेलिफोनच्या उपकरणाची ओळख पटविण्याच्या प्रचलित रीतींत मात्र यंत्रणेस तो शब्द, किंवा त्यापासून काढलेलें एक विशिष्ट रूप, स्वतःजवळ बाळगावें लागतें. म्हणून उपकरणाचा शब्द निराळा असावा. नामावलींतील शब्द माणसानें स्वतःचे निरोप पाहण्यासाठीं प्रवेश करतांना वापरावा.

आणखी एक. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशांत २०२३ सालीं संमत झाला. टेलिफोनास नांव, खातें व क्रमांक पुरेसे आहेत. घरचा पत्ता किंवा जन्मतारीख त्याच्याकडे जाण्याचें प्रयोजन नाहीं.

इतकें केलें तरी एक काम मनुष्याकडेच राहतें. कोणी गेला तर त्याच दिवशीं मूळ नामावलींत नोंद करणारा जबाबदार माणूस नेमलेला असावा. मूळ नोंदच चुकली तर ती चूक जोडणीमुळें सर्वत्र पसरते. सुरक्षा-अधिकाऱ्याचा क्रमांक व्यक्तीस न देता पदास द्यावा, आणि अधूनमधून रात्रपाळीस तो लावून पाहावा. पलीकडून जागा माणूस बोलला, तर जोडणी बरोबर आहे असें समजावें.