बाजाराला जात नसते? वाकोल्यातला एक वाद आणि बाबासाहेबांचे अर्थशास्त्र

रविवारची वंदना आटोपली की आमच्या वाकोल्यातल्या विहारात चहा होतो आणि चहाबरोबर वाद होतो. परवाचा वाद विमानतळावरून सुरू झाला. सांताक्रूझ पूर्वेला राहणाऱ्याला हा विषय चुकत नाही. इथे डोक्यावरून विमान गेले की बोलणारा वाक्य अर्धवट सोडून थांबतो आणि मग पुढे बोलतो.

एअर इंडियातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "सरकारी कंपनी होती म्हणून मी कायम झालो. कलिन्याला कॉलनीत घर मिळाले, दोन्ही मुली पदवीधर झाल्या. आता कंपनी विकली, आरक्षण गेले. तुमच्या पिढीला काय उरले?"

बीकेसीत नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्ही लागलात, पण वस्तीतले आणखी किती जण लागले? सरकारी नोकऱ्या होत्याच मूठभर. बाजाराला जात नसते. गिऱ्हाईकाला माल चांगला आणि स्वस्त हवा असतो, विकणारा कोण हे तो विचारत नाही. आपण धंद्यात उतरले पाहिजे."

काकांनी कप खाली ठेवला. "जात नसते? मग भाड्याने खोली बघायला गेलास तेव्हा दलालाने आधी आडनाव का विचारले रे?"

हशा झाला, पण प्रश्न तिथेच राहिला. मुक्त बाजाराची भाषणे आपली मुले मोबाइलवर रोज ऐकतात. कुणी त्यातला मुद्दा मांडला की कार्यकर्ते त्याला 'भांडवलदारांचा माणूस' म्हणून गप्प करतात. माझ्या मते हे चूक आहे. मुद्दा तपासायचा असतो, विशेषतः ज्या समाजाचा नेता अर्थशास्त्राचा डॉक्टर होता त्या समाजाने.

आधी त्या तरुणाची बाजू. मुक्त बाजारवाद्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारच्या हाती परवाना, कोटा आणि मक्तेदारी दिली की ती ओळखीपाळखीच्या, म्हणजे आपल्या देशात वरच्या जातींच्या, लोकांकडे जाते. स्पर्धा खुली झाली की नव्या माणसाला शिरकाव मिळतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली वंशभेदाबद्दल मांडले की जो मालक भेदभाव करतो तो स्वतःचेच नुकसान करतो, कारण चांगला कामगार नाकारून तो महागडा माणूस घेतो.

यात तथ्य नाही असे नाही. सांताक्रूझ स्टेशनबाहेर भाजी, कपडे, मोबाइलची कव्हरे विकणारा माणूस बघा. तो खरा उद्योजक. त्याला भांडवलदाराने नाही, पालिकेच्या गाडीने सतावले. मुंबईत फेरीवाल्यांचे नवे परवाने कित्येक दशके बंद राहिले आणि बिनपरवाना माणसाला हप्ता देत जगावे लागले. फेरीवाल्यांचा हक्क मान्य करणारा केंद्रीय कायदा यायला २०१४ साल उजाडले. या ठिकाणी 'सरकारने वाटेतून बाजूला व्हावे' ही मागणी आपल्या गरीब माणसाच्या हिताची आहे.

आपल्या चळवळीच्या अभ्यासक गेल ऑमव्हेट यांचेही उदाहरण आहे. १९९० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या बाजूने त्यांनी खुल्या धोरणाचे समर्थन केले. त्यामुळे डाव्या वर्तुळातल्या मित्रांची टीका त्यांच्या वाट्याला आली. बुद्ध, फुले, आंबेडकर मानणारा माणूस बाजाराच्या बाजूने बोलूच शकत नाही, असे काही नाही.

आता बाबासाहेब. दोन्ही बाजूंचे लोक त्यांचे एकेक पुस्तक उचलतात आणि दुसरे कपाटात ठेवतात.

बाजारवाद्यांना आवडते ते १९२३ चे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेल्या या प्रबंधात बाबासाहेबांनी चलन छापण्याचा मोकळा अधिकार सरकारच्या हाती ठेवायला विरोध केला. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने ज्या विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर त्यांनी टीका केली. चलन काढण्याला पक्की मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे. का? कारण रुपया घसरला की निर्यातदार व्यापाऱ्याला फायदा होतो आणि मजुराची मजुरी मात्र भावाच्या मागे फरफटते. म्हणजे सरकारवरचा हा अविश्वास मजुराच्या पोटासाठी होता. बाजारवादी हे पुस्तक सांगताना नेमका एवढाच भाग गाळतात.

त्यांचे दुसरे आवडते वाक्य 'जातिनिर्मूलन' (१९३६) मधले. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी त्यात दाखवले. माणसाला धंदा बदलू न देणारी व्यवस्था बेकारी निर्माण करते, हेही तिथेच आहे. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. भारतात बाजारावर पहिले नियंत्रण कोणत्या सरकारने आणले नाही, ते जातीने आणले. कोणी काय विकायचे, कोणाच्या हातचे कोणी घ्यायचे, कोणी कोणत्या विहिरीवर जायचे, हे सगळे आधीच ठरलेले. परवाना राज संपवा म्हणणाऱ्याने हा सर्वांत जुना परवाना आधी मोजायला हवा.

तो अजून चालू आहे का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी साडेचार हजारांहून जास्त अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. दलित आडनाव असलेल्या अर्जाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची तर आणखी कमी. बेकर यांच्या हिशेबाने या कंपन्या तोट्यात जायला हव्या होत्या. पण सगळेच मालक आडनाव बघत असतील तर तोटा कोणालाच होत नाही.

आता समाजवादी मित्रांचे कपाट. ते १९४७ चे 'राज्ये आणि अल्पसंख्याक' उचलतात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, आणि हे बहुमताने बदलता येऊ नये म्हणून संविधानातच लिहावे, अशी मागणी आहे. त्यामागचा तर्क मला मागणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. बेकार माणसाला कोणी नोकरी देऊ केली आणि अट घातली की कामाचे तास ठरलेले नसतील, युनियनमध्ये जायचे नाही, तर तो काय करील? हक्क सोडील आणि नोकरी घेईल. राज्याने हात काढून घेतला की माणूस स्वतंत्र होतोच असे नाही. तो मालकाच्या हाती जाऊ शकतो.

पण गोष्ट १९४७ वर थांबत नाही, आणि हे आपल्या भाषणांतून सहसा ऐकू येत नाही. १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात फेडरेशनने म्हटले की पक्ष कोणत्याही वादाला बांधलेला नाही, साम्यवाद, समाजवाद किंवा गांधीवाद यांपैकी कशालाही नाही. जिथे राष्ट्रीय मालकी शक्य आणि आवश्यक आहे तिथे ती, आणि जिथे ती आवश्यक नाही आणि खासगी उद्योग शक्य आहे तिथे खासगी उद्योग. चार वर्षांत बाबासाहेब उलटे फिरले, असे मला वाटत नाही. त्यांचा प्रश्न दोन्ही वेळा एकच होता: या व्यवस्थेत दुबळ्याला आत शिरता येते का, आणि आत गेल्यावर मान ताठ ठेवता येते का.

याच प्रश्नाने आपले विमानतळ तपासू. १९५३ च्या कायद्याने विमान वाहतूक सरकारकडे गेली. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या, तिकिटे स्वस्त झाली. २००६ मध्ये मुंबई विमानतळ खासगी कंपनीकडे चालवायला दिला. तेव्हा प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी संप केला होता. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. या प्रवासात आरक्षण कोणी रद्द केले नाही. तसा ठराव नाही, कायदा नाही. संविधानाचे कलम १६(४) राज्याच्या नोकऱ्यांना लागू होते. नोकरी राज्याच्या हातातून निघाली की ती त्या कलमाच्या बाहेर जाते, एवढेच. शिक्षणात ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांपर्यंत पोहोचण्याची वाट काढली. नोकरीत अशी वाट अजून काढलेली नाही.

मग जुलै २०२४ आला. विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्यासारख्या कामांसाठी सुमारे २,२०० जागांची थेट भरती होती, दहावी पास मुलांसाठी. हजारो तरुण लोटले, चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. त्या गर्दीचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. 'खासगीकरणाचा परिणाम' म्हणून ते फिरले, पण ती भरती करणारी कंपनी सरकारी होती. एअर इंडिया विकली तेव्हा ही ग्राउंड हँडलिंग कंपनी सरकारने स्वतःकडे ठेवली. नोकरी मात्र तीन वर्षांच्या कराराची. कंपनी सरकारी आणि नोकरी कंत्राटी: काकांची एअर इंडिया सरकारकडे राहिली असती तरी भाच्याला काकांसारखी नोकरी मिळाली असती, हे आता गृहीत धरता येत नाही.

आणि तरुणाच्या धंद्याचे काय? मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली, तेव्हा नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा ही हाक अनेकांना भावली. मलाही भावते. पण त्याच उद्योजकांचा मोठा आधार आहे २०१२ चे सरकारी खरेदी धोरण: केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठले गेलेले नाही. म्हणजे बाजारात उतरलेला आपला माणूसही शेवटी राज्याच्या दारात उभा आहे, आणि ते दार अर्धेच उघडते. नोकरीतल्या अनुशेषावर आपण मोर्चे काढतो; या ४ टक्क्यांच्या अनुशेषावर निघालेला मोर्चा मला आठवत नाही.

आमच्या विहारात आता 'राज्ये आणि अल्पसंख्याक' वाचायला घेतले आहे. महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या पहिल्या खंडात ते आहे, 'जातिनिर्मूलन'ही त्यातच; रुपयावरचा ग्रंथ सहाव्या खंडात. तरुणाने ओळखीच्या दोन पुरवठादारांना सरकारी खरेदीचा अनुभव विचारून यायचे कबूल केले आहे. काका विमानतळावर कंत्राटावर असलेल्या भाच्याला घेऊन येणार आहेत, त्याची रविवारी पाळी नसली तर.