निवाची थरथर

व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरातल्या कारखान्यातून १९७७ साली एक आखूड, उभट, तीन दारांची गाडी बाहेर पडू लागली. कारखान्याच्या दप्तरी ती व्हीएझेड-२१२१. जगाला ठाऊक झाली ती लाडा निवा म्हणून. अभियंता प्योत्र प्रुसोव यांच्या या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. १.६ लिटरचं इंजिन साध्या झिगुली मोटारीच्या घराण्यातलं, आणि स्टेपनी बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर!

जुन्या जीपला पुढची चाकं गरजेपुरती जोडायची असतात. निवाची चारही चाकं कायम ओढतात. वळणावर प्रत्येक चाक वेगळं अंतर कापतं, म्हणून तिला तीन डिफरन्शियल आहेत: पुढे एक, मागे एक आणि ट्रान्स्फर केसमध्ये तिसरं. चिखलात हे मधलं लॉक करता येतं. मात्र कोरड्या डांबरावर ते लॉक राहिलं, की वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गिअरच्या दातांवर येतो. मागे नवे टायर आणि पुढे झिजलेले, ही काटकसरही महागात पडते. घेर वेगळे असल्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा मधलं डिफरन्शियल विनाकारण फिरत राहतं.

पण निवाची खरी ओळख म्हणजे तिची थरथर. ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटून नाही. ती मागे स्वतंत्रपणे, रबरी बुशांवर बॉडीला टांगलेली आहे. दोघांमध्ये आखूड शाफ्ट आणि रबरी कपलिंग. दोन्हींचे अक्ष जरा चुकले, की ठरावीक वेगाला सगळी गाडी कापू लागते. नवखा मिस्त्री लगेच प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस बदलायला धावतो. मुरलेला आधी केस बॉडीला धरणारे नट ढिले करतो, शाफ्ट हातानं फिरवून केस कुठे बसू पाहते ते बघतो, उंची कमी पडली तर खाली पातळ पत्रे सारतो आणि मगच नट आवळतो. रबर दबलं, की काही काळानं पुन्हा तेच. हा कारखान्याच्या आखणीतला दोष आहे, हे निवाप्रेमींनी कबूल करायला हरकत नाही.

ऑईल पाच ठिकाणी बघायचं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल. डिफरन्शियलचं तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं, की आतली हवा आकसते. अशा वेळी ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगमधली हवा ये-जा करायची वाट, मातीनं बुजलेला असेल, तर ऑईल सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लग उघडल्यावर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑईल आलं, तर निदान झालंच. ते सगळं काढून नवं भरायचं आणि ब्रीदर साफ करायचा. नुसतं सील बदलून भागत नाही. पाण्यातून आल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारणंही आलंच.

मधल्या डिफरन्शियलच्या लॉकचा दांडा वर्षभर कुणी हलवलाच नाही, तर त्याची पिन गंजून जाम होते. एवढ्यासाठी केस खोलण्याआधी पिनेला तेल देऊन बघावं.

सुटे भाग झिगुलीशी बरेच जुळतात, त्यामुळे यंत्र कसंही उभं करता येतं. पत्र्याचं तसं नाही. रशियात हिवाळी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि फरशीत साचून पत्रा आतून खातं. म्हणून जुनी निवा घेणारा जाणकार इंजिन चालू करायला सांगण्याआधी गाडीखाली शिरतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्या पट्ट्या टोचून बघतो.