गावकीच्या हातातला दंड

रोह्याजवळच्या धाटावला एमआयडीसी आली, पोरं पाळीवर जाऊ लागली, पण रोहा तालुक्यातल्या कित्येक गावांत घरातला तंटा सुटायचा तो गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचांच्या, बैठकीतच. लग्न, काडीमोड, भावाभावांतली वाटणी, सगळ्याचा निवाडा तिथेच व्हायचा. निवाडा मानला नाही की दंड, आणि दंड भरला नाही की घर वाळीत.

वाळीत पडलेल्या घराला दुकानदार मीठसुद्धा देत नाही. पालखी दारावरून न थांबता पुढे जाते. मयत झाली तर खांदा द्यायला शेजारी येत नाही, पाहुण्यांची वाट बघत बसावं लागतं. मुलीचं लग्न ठरत नाही, ते वेगळंच.

सरकारने नेमलेल्या कौटुंबिक न्यायालयालासुद्धा एवढी मोकळीक नाही. 1984च्या कायद्याने त्याला फौजदारीतला अधिकार दिला तो मुख्यतः पोटगीपुरता. कोणताही कायदा पाठीशी नसलेली गावकी मात्र अख्ख्या कुटुंबाला शिक्षा देत राहिली.

तिला आवर घालायचा पहिला प्रयत्न जुनाच आहे. मुंबई प्रांताने 1949 साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं एकट्यांचं मत वेगळं पडलं. त्या एका निकालाने कोकणातल्या वाळीत पडलेल्या माणसांचाही आधार गेला, याची हळहळ वाटते. पुढे पन्नासहून अधिक वर्षं पोलिसांना खंडणी, धमकी अशी इतर कलमं जुळवत बसावं लागलं.

2013 साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावकीसारखेच निवाडे करणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, पण काम थांबलं नाही. रायगडातून तक्रारी येत राहिल्या, त्यात रोह्याच्याही होत्या. अखेर 13 एप्रिल 2016 रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि 3 जुलै 2017पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कायद्यातली तडजोडीची मुभा मात्र खटकते. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते खरी, पण ती संमती द्यायची असते त्याच गावात राहून, त्याच विहिरीवर पाणी भरून. तडजोडीला परवानगी देण्याआधी न्यायाधीशांनी वाळीत पडलेल्या घरातल्या बाईला एकटीला बोलावून विचारावं.