गुगलवर जाहिरात दिली, क्लिकही आले, पण गिऱ्हाईक आलं नाही. पैसे गळतात कुठं?

शुक्रवारची रात्र. पुण्यातला एक माणूस मोबाईल काढतो आणि गुगलवर टाकतो, 'तारकर्ली समुद्राजवळ होमस्टे'. सगळ्यात वर जे दोन-तीन निकाल येतात, त्यांच्यावर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं असतं. तो त्यातल्या एकावर बोट ठेवतो.

तिकडे तारकर्लीतल्या होमस्टेवाल्याच्या नावावर त्याच क्षणी काही रुपयांचं बिल चढतं. खोली बुक झाली की नाही, फोन आला की नाही, याच्याशी त्या बिलाचा संबंध नसतो. क्लिक झाला की पैसे लागले.

यालाच 'पे पर क्लिक' म्हणतात. आपल्याकडे छोटे धंदेवाले हौसेनं ही जाहिरात सुरू करतात, महिन्याभरात हजारो रुपये जातात आणि मग 'गुगल नुसतं लुटतं' म्हणून बंद करतात. पण यात नेमकं होतं काय, ते समजून घ्यायला हवं.

रील बूस्ट करणं वेगळं, सर्चची जाहिरात वेगळी

इन्स्टावर माणूस टाइमपास करत असतो आणि मध्येच तुमची जाहिरात येते. त्याला फिरायला जायचंय की नाही, हा अंदाजाचा भाग असतो. सर्चमध्ये मात्र त्यानं स्वतःच टाइप करून सांगितलेलं असतं की, मला अमुक हवंय. म्हणून सर्चमधल्या जाहिरातीला भाव आहे.

आयडिया मुळात गुगलची नाही

१९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांनी 'गोटू डॉट कॉम' नावाचं सर्च इंजिन काढलं. तिथं शब्दांवर बोली लागायची. जो एका क्लिकमागं जास्त पैसे द्यायला तयार, त्याची वेबसाईट वर. पुढं या कंपनीचं नाव 'ओव्हर्चर' झालं आणि २००३ मध्ये याहूनं ती सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेतली.

गुगलनं ऑक्टोबर २००० मध्ये 'ॲडवर्ड्स' सुरू केलं, तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे लागायचे. २००२ मध्ये गुगल क्लिकच्या हिशोबावर आलं, पण एक बदल करून. नुसती बोली बघायची नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही बघायचं. २०१८ मध्ये ॲडवर्ड्सचं नाव 'गुगल ॲड्स' झालं, पण तो नियम आजही आहे. छोट्या धंदेवाल्याला संधी आहे ती याच नियमामुळं.

जास्त बोली लावणारा हरतो कसा?

कुणी सर्च केलं की दरवेळी काही क्षणात लिलाव होतो. समजा, एका मोठ्या हॉटेलनं क्लिकमागं २० रुपयांची बोली लावली, पण जाहिरात मोघम आहे आणि उघडणारं पान ढिम्म चालतं. त्याच्या दर्जाला ४ गुण. आपल्या होमस्टेवाल्यानं १२ रुपये लावले, पण जाहिरातीत 'तारकर्ली', 'समुद्राजवळ', 'घरचं मालवणी जेवण' असं नेमकं लिहिलंय आणि क्लिक केल्यावर थेट खोल्यांचे फोटो, दर आणि फोन नंबर दिसतो. त्याला ८ गुण.

२० गुणिले ४ म्हणजे ८०. १२ गुणिले ८ म्हणजे ९६. होमस्टे वर, हॉटेल खाली!

गंमत पुढं आहे. होमस्टेवाल्याला १२ रुपयेही पडत नाहीत. ८० च्या वर राहण्यापुरतेच पैसे लागतात, म्हणजे साधारण १० रुपये. आपण लावलेली बोली ही वरची मर्यादा असते. खरा हिशोब याहून किचकट आहे, कारण शोधणारा कुठं आहे, कोणता फोन वापरतोय, वेळ काय, हेही गुगल धरतं. पण तत्त्व हेच.

गळती नंबर एक: शब्द

होमस्टेवाला उत्साहात 'कोकण' हा शब्द निवडतो. आता 'कोकण' टाइप करणारे कोण कोण असतात? कोकण रेल्वेचं वेळापत्रक बघणारे, म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत शोधणारे, कोकणात जमीन घ्यायची असलेले. यातल्या कुणालाही आज खोली नकोय. पण जाहिरात दिसली आणि चुकून बोट लागलं, तरी बिल होमस्टेवाल्याचं.

शब्द टाकताना गुगल आपणहून 'ब्रॉड मॅच' धरतं. म्हणजे तुमच्या शब्दाशी जवळपास संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. त्याऐवजी 'फ्रेज मॅच' किंवा 'एक्झॅक्ट मॅच' निवडला, तर शोध बराच नेमका होतो.

दुसरा उपाय 'निगेटिव्ह कीवर्ड'. रेल्वे, म्हाडा, नोकरी, जमीन असे शब्द या यादीत टाकले की त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप करून क्लिक केलं, हे 'सर्च टर्म्स' रिपोर्टमध्ये दिसतं. तो आठवड्यातून एकदा चाळला की पैसे कुठं मुरले ते कळतं. आणि लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतही टाइप करतात, त्यामुळं यादीत दोन्ही लिपी हव्यात.

गळती नंबर दोन: ठिकाण आणि बजेट

जाहिरात कुठं दाखवायची ते निवडताना गुगल मूळ सेटिंगमध्ये दोघांना धरतं: त्या भागात असलेले लोक आणि त्या भागात रस दाखवणारे लोक. होमस्टेसाठी हे ठीक, कारण गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरातच बसलंय. पण कोथरूडच्या प्लंबरला कोथरूडमध्ये असलेलाच माणूस हवा. त्यानं हे सेटिंग बदललं नाही, तर दुसऱ्या शहरातून आलेल्या क्लिकचे पैसेही तोच भरतो.

बजेटचंही तसंच. रोजचे ३०० रुपये ठरवले, तरी एखाद्या दिवशी गुगल दुप्पट म्हणजे ६०० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे ९,१२० रुपये. शिवाय १८ टक्के जीएसटी. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला तो परत मिळत नाही.

मग एका क्लिकला किती द्यायचे?

हा हिशोब जाहिरात सुरू करायच्या आधी वहीत मांडायचा. समजा, दोन रात्रींच्या एका बुकिंगमागं सगळा खर्च जाऊन १,५०० रुपये सुटतात आणि ५० क्लिकमागं एक बुकिंग होतं. १,५०० भागिले ५० म्हणजे ३० रुपये. जीएसटी धरला तर क्लिकचा दर २५ रुपयांच्या पुढं गेला की धंदा तोट्यात. १२ रुपयांना क्लिक मिळाला, तर जीएसटी धरून ५० क्लिकचे ७०८ रुपये होतात आणि बुकिंगमागं जवळपास ८०० रुपये हातात राहतात.

पण ५० क्लिकमागं एक की १०० क्लिकमागं एक, हे कळणार कसं? त्यासाठी 'कन्व्हर्जन ट्रॅकिंग' लावावं लागतं. जाहिरात बघून कुणी फोन लावला, कुणी फॉर्म भरला, हे त्यातून मोजलं जातं. आता बऱ्याच जाहिरातींत बोली गुगलच आपोआप लावतं. तुमच्यासाठी गिऱ्हाईक म्हणजे काय, हे त्याला सांगितलं नाही, तर ते नुसते क्लिक गोळा करत बसतं.

हे लावायला जमत नसेल, तर सुरुवातीला साधा उपाय आहे. फोन आला की विचारायचं, 'आमचा नंबर कुठं मिळाला?' आणि उत्तर वहीत टिपायचं.

जाहिरात कधीही थांबवता येते, हेही लक्षात ठेवायचं. पावसाळ्यात तारकर्लीचं स्कुबा डायव्हिंग बंद असतं. त्या दिवसांत स्कुबा शोधणाऱ्याच्या क्लिकचे पैसे भरण्यात काही अर्थ नाही. तेच पैसे दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवले, तर शुक्रवारी रात्री मोबाईल उघडणारा तो पुणेकर शनिवारी दुपारी पानावर सोलकढी घेऊन बसलेला असू शकतो.