छोट्या स्क्रीनवर ग्राफ काढायचाय? आधी हा हिशोब करा



आमच्या बॅचमधल्या एका मुलाने तुर्भ्याच्या एका औषध होलसेलरसाठी फ्रिजचं तापमान नोंदवणारं यंत्र बनवलं. सेन्सर चांगला, डबा छान, भाव वाजवी. पण स्क्रीनवरचा चोवीस तासांचा ग्राफ दर दहा सेकंदांनी पुसला जायचा आणि पुन्हा उमटायचा. शेठ म्हणाले, "अरे, हे ट्यूबलाइटसारखं काय लुकलुकतंय?" यंत्र परत आलं. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत गाळा घेऊन असलं काही बनवायचा विचार असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

लुकलुक का होते? लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारी आयएलआय ९३४१ कंट्रोलरची स्क्रीन घ्या. ३२० गुणिले २४० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एका पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. आणि त्याने वापरलेल्या ब्लू पिल बोर्डावरच्या चिपची रॅम किती? २० केबी. म्हणजे पूर्ण चित्र आधी मेमरीत तयार करून एकदम पाठवायला जागाच नाही. शिवाय १८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवरून तेवढा डेटा जायलाच सुमारे ६८ मिलिसेकंद लागतात. आधी स्क्रीन काळी करायची, मग रेघा काढायच्या, हे सगळं डोळ्याला दिसतं. तीच ती लुकलुक.

मग उपाय काय? सगळं पुसूच नका. जेवढं बदललं तेवढंच काढा.

हॉस्पिटलमधला ईसीजी मॉनिटर आठवा. बऱ्याच मॉनिटरवर जुनी रेघ जागेवरच असते. एक रिकामी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, पुढचं जुनं पुसते आणि तिच्या मागे नवं उमटतं. आपला ग्राफ १८० पिक्सेल उंच धरला तर एका उभ्या ओळीला फक्त ३६० बाइट पाठवायचे. पूर्ण स्क्रीनपेक्षा चारशे पटीहून कमी काम! या स्क्रीनमध्ये आख्खं चित्र सरकवायची हार्डवेअर सोयही आहे, पण ती वापरली की वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं चालू तापमानसुद्धा सोबत सरकतं. म्हणून अशा यंत्रात मी पट्टीवालीच पद्धत घेईन.

इथपर्यंत त्या मुलाने करून आणलं. लुकलुक गेली. पण खरी गडबड पुढेच होती, आणि ती दिसत नव्हती.

दर १० सेकंदांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. डावीकडे आकड्यांसाठी जागा सोडून ग्राफला उरतात २८८ ओळी. म्हणजे एका उभ्या ओळीत ३० नोंदी, बरोबर पाच मिनिटांच्या. त्याने त्या तीसची सरासरी काढून एक ठिपका ठेवला. दिसायला सुंदर, गुळगुळीत रेघ! आता बघा. बऱ्याच लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. समजा २५ नोंदी ५ अंशाच्या आहेत आणि दार उघडं राहिल्याने ५ नोंदी ११ अंशाच्या आल्या. सरासरी किती? ६ अंश. ग्राफ म्हणतो सगळं ठीक, आणि फ्रिजमध्ये जवळपास एक मिनिट मर्यादा ओलांडलेली असते! उलट बाजूने फ्रिज शून्याखाली गेला तरी असंच लपतं, आणि गोठल्याने काही लसी कायमच्या निकामी होतात. असं यंत्र विकण्यापेक्षा न विकलेलं बरं.

म्हणून सरासरी नको. प्रत्येक ओळीसाठी दोनच आकडे ठेवा, त्या पाच मिनिटांतलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. त्या दोघांमध्ये उभी रेघ ओढा. वरच्या उदाहरणात रेघ ५ पासून ११ पर्यंत जाईल, आणि शेठला लांबूनही कळेल की दार कोणीतरी उघडं ठेवलं होतं. शेजारच्या दोन रेघांमध्ये फट पडली तर नवी रेघ थोडी वाढवून जुनीला टेकवा. रॅमचा फायदा वेगळाच. सगळ्या नोंदी दोन-दोन बाइटने ठेवल्या तर १७,२८० बाइट, जवळजवळ सगळी रॅम संपली. या पद्धतीत २८८ गुणिले ४, म्हणजे १,१५२ बाइट. बस्स!

आणखी एक छोटी युक्ती. ब्लू पिलच्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारं वेगळं हार्डवेअर नसतं, त्यामुळे तिथे दशांश टाळा. ५.३ अंश हे ५३ म्हणून ठेवा. ग्राफ उणे २ ते १६ अंशांचा घेतला तर १८० दशांश होतात आणि आपली उंचीही १८० पिक्सेलच आहे. एक पिक्सेल म्हणजे एक दशांश, भागाकारच नको. त्याबाहेरचं तापमान आलं तर रेघ काठावर थांबवा, नाहीतर ती थेट वरच्या आकड्यांवर चढेल.

"सर, हे सगळं स्वतः लिहायचं?" गरज नाही. एलव्हीजीएल ही लायब्ररी एमआयटी लायसन्सखाली मोफत आहे. विकायच्या वस्तूत चालते, फक्त लायसन्सची नोट सोबत ठेवायची. तिच्या चार्टमध्ये सर्क्युलर मोड आहे, तोच ईसीजीसारखा. पण तिला रॅम हवी. स्क्रीनच्या दहाव्या भागाचा बफर दिला तरी १५,३६० बाइट गेले, म्हणजे ब्लू पिलवर ओढाताण. ५२० केबीच्या ईएसपी३२ वर ती आरामात बसते. माझं मत विचाराल तर पहिले दहा नग ईएसपी३२ वरच करा. चिपचे थोडे रुपये जास्त जातील, पण तुमचे महिने वाचतील. शेकड्याने ऑर्डर आल्या की मग छोट्या चिपचा विचार. फक्त कमी-जास्तचा हिशोब दोन्हीकडे तुम्हालाच लिहायचा आहे, लायब्ररीला तुमची मर्यादा माहीत नसते.

आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी एक टेस्ट कराच. सेन्सर फ्रिजमध्ये स्थिर होऊ द्या, मग बाहेर काढून एक मिनिट मुठीत धरा आणि परत आत ठेवा. अर्ध्या तासाने ग्राफ बघा. मुठीचा तो सुळका स्क्रीनवर दिसला तरच डबा पॅक करा.