बॅटरीचा क्लेम आणि सहा कप्प्यांचं रीडिंग

मे महिन्यातली रात्र. घनसावंगीत साडेनऊला लाईट गेली आणि वीस मिनिटांत आमच्या इन्व्हर्टरची बीप सुरू झाली. लोड म्हणजे दोन पंखे आणि तीन एलईडी दिवे. बॅटरी 150 एएचची ट्यूबलर, घेऊन सव्वीस महिने झालेले. कार्डावर साठ महिन्यांची वॉरंटी. आई पत्र्याच्या खोलीत झोपते. त्या रात्री ती पहाटेपर्यंत पदरानं वारा घेत बसून होती. सकाळी मी बॅटरी गाडीत टाकून डीलरकडे नेली. त्यानं ती जालन्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. चार दिवसांनी फोन आला, "भाऊ, बॅटरी ओके दाखवतेय. लोड जास्त टाकता तुम्ही."

घरी आणून जोडली. त्याच संध्याकाळी पुन्हा वीस मिनिटं.

बॅटरी शेवटी बदलून मिळाली, पण त्याला दोन महिने आणि तीन खेपा लागल्या. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणीकडचे कितीतरी लोक पहिल्याच खेपेला थकून नवी बॅटरी घेतात, हे मी दुकानात उभं राहून पाहिलं आहे. म्हणून या दोन महिन्यांत जे समजलं ते सविस्तर लिहितो.

आधी बॅटरी आतून पाहू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी बनवली. आपल्या घरातल्या बॅटरीचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे एका डब्यात ओळीनं बसवलेले सहा कप्पे, आपल्याकडे ज्यांना सेल म्हणतात. पूर्ण चार्ज झालेला एक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो, सहा मिळून साडेबाराच्या थोडं वर. बॅटरी वापरली जाते तसं पाण्यातलं आम्ल शिशाच्या प्लेटांमध्ये शिरतं आणि उरलेलं द्रव हलकं होतं. चार्जिंगला लावली की आम्ल परत द्रवात येतं आणि ते जड होतं. हा जडपणा म्हणजेच दुकानदार ज्याला 'ग्रॅव्हिटी' म्हणतो तो. ट्यूबलर बॅटरी भरली असेल तर ग्रॅव्हिटी 1.240 ते 1.260 च्या आसपास असते, 1.180 च्या खाली गेली की बॅटरी बरीच उतरलेली समजायची.

माझ्या बॅटरीत काय झालं होतं? पाच सेल 1.230 ते 1.240 दाखवत होते. टर्मिनलच्या बाजूनं तिसरा सेल 1.150. मीटर लावला तर सगळ्यांची बेरीज 12.4 व्होल्ट. आकडा वाईट दिसत नाही. पाऊण भरलेली बॅटरीही एवढंच दाखवते. सर्व्हिस सेंटरनं बॅटरी भरून घेतली, मीटर लावला, काही सेकंदांचा लोड देऊन पाहिला आणि ओके लिहिलं. घरी मात्र पंखे सुरू झाले की तो एक सेल वीस मिनिटांत संपायचा. त्याचे दोन व्होल्ट गेले की बाकीचे पाच धडधाकट असूनही बेरीज साडेदहावर यायची, आणि साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. सगळी भानगड इथं आहे. एका सेलचा दोष बेरजेत लपतो. म्हणून सेलवार रीडिंगशिवाय झालेली तपासणी पूर्ण तपासणी नव्हे, हे डीलरला शांतपणे पण ठामपणे सांगता आलं पाहिजे.

सेलवार ग्रॅव्हिटी मोजायला हायड्रोमीटर लागतो: रबरी फुगा लावलेली काचेची नळी, आत तरंगणारी आकड्यांची काडी. बॅटरीच्या दुकानात अगदी कमी पैशांत मिळतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून, बंद ठेवून, दोन-तीन तासांनी एकेका सेलमधलं द्रव नळीत ओढायचं, आकडा वहीत लिहायचा, द्रव त्याच सेलमध्ये परत सोडायचं. नुकतंच पाणी टाकलं असेल तर रीडिंग घेऊ नका, ते वरच्या वर राहतं आणि आकडा खोटा येतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ पाण्याची बादली हवी. चार्जिंगवेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा काडी पेटवून आत डोकवायचं नाही. सीलबंद बॅटरी असेल तर ती उघडूच नका; उघडली की वॉरंटी गेली.

आपल्या भागासाठी आणखी एक बारकावा. हे आकडे 27 अंश तापमानाला धरलेले असतात. द्रव जेवढं गरम तेवढं हलकं. दर अंशाला साधारण 0.0007 चा फरक पडतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात द्रव 42 अंशांवर असेल तर आकडा दहा पॉइंटांनी कमी दिसतो, म्हणजे 1.240 चं 1.230. तेवढं मिळवून धरायचं. पण सहा सेलपैकी एकच पन्नास पॉइंटांहून जास्त मागे असेल, तर ते उन्हाचं काम नाही. ऊन सगळ्यांना सारखंच लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती प्रामाणिकपणे पाहायला हवी, कारण प्रत्येक 'खराब' बॅटरी खरंच सदोष नसते. 150 एएच हा आकडा घरगुती बॅटरीवर बहुधा वीस तासांच्या हिशेबानं छापलेला असतो: साडेसात अँपिअरनं वीस तास. साडेसात अँपिअर म्हणजे बारा व्होल्टला नव्वद वॉट, एखादा पंखा आणि एक-दोन दिवे. तीनशे वॉटचा लोड टाकला तर इन्व्हर्टरची गळती धरून तीस अँपिअर ओढले जातात, आणि जोरात ओढलं की बॅटरी एकूणच कमी देते. तेव्हा साडेतीन तासांच्या आसपास बॅकअप मिळाला तर बॅटरी ठीकच आहे. माझ्या घरचा लोड 180 वॉटच्या आत होता. पाच-सहा तास मिळायला हवे होते. तक्रारीत नुसतं 'बॅकअप देत नाही' न लिहिता हा हिशेब लिहिला की समोरच्याला उत्तरही हिशेबानंच द्यावं लागतं.

क्लेम नाकारताना सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे 'अंडरचार्जिंग'. शेतवस्तीवरच्या माणसाला हे फार लागतं. पूर्ण उतरलेली 150 एएचची बॅटरी पंधरा अँपिअरनं भरायला दहा तास हवेत, आणि शेवटचा भाग सावकाश भरतो म्हणून प्रत्यक्षात बारा-तेरा. ज्याचं घर शेतीच्या फिडरवर आहे त्याला लाईटच आठ तास. रोज उतरते, रोज अर्धवट भरते. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि मग ते निघत नाही. त्यात गोदाकाठच्या उसाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस'वर असेल तर साधारण 180 व्होल्टच्या खाली तो लाईट गेली असंच समजतो आणि चार्जिंग सोडून उलट बॅटरी वापरू लागतो. घरात दिवे लागलेले, म्हणून आपल्याला वाटतं चार्ज होतेय. ते बटण 'इन्व्हर्टर' किंवा 'नॉर्मल' मोडवर ठेवलं तर तो बऱ्याच कमी व्होल्टेजवरही चार्ज करत राहतो. पण अंडरचार्जिंगनं सगळे सेल सारखेच खाली बसतात. एकच सेल बसलेला असेल तर हे कारण लागू पडत नाही, आणि ते दाखवायला वहीतलं रीडिंगच कामी येतं.

बाकीची कारणं पटकन सांगतो. सेल कोरडा पडलेला, डबा फुगलेला, टर्मिनल जळालेलं, सीरियल नंबर खरवडलेला, कार्डावर शिक्का-तारीख नाही. पाणी डिस्टिल्डच टाका. बोअरचं क्षारी पाणी किंवा आरओचं पाणी चालत नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून ॲसिड तर मुळीच टाकू नका. ग्रॅव्हिटी 1.300 च्या पुढे दिसली की तपासणारा लगेच ओळखतो.

'36 अधिक 24' असं कार्डावर लिहिलेलं असतं, ते नीट समजून घ्या. पहिले छत्तीस महिने मोफत बदली. पुढचे चोवीस 'प्रो-राटा', म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीत ठरावीक टक्के सूट. ही सूट बहुधा छापील किमतीवर असते. समजा छापील किंमत 20,000 रुपये आणि सूट तीस टक्के. तुम्ही 14,000 भरता आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते. तीच बॅटरी दुकानात 15,000 ला मिळत असेल आणि जुन्या बॅटरीचे शिशाच्या भावानं 3,000 वजा होत असतील, तर बाहेरून घेणं 12,000 ला पडतं. वॉरंटी वापरून दोन हजार जास्त! हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण हा हिशेब काउंटरवरच करा, सही करण्याआधी. साठ महिने हा शब्द ऐकून माणूस बॅटरी घेतो आणि त्यातले शेवटचे चोवीस महिने कधी कधी शून्य किमतीचे निघतात, याचा मला अजूनही राग आहे.

माझ्या दुसऱ्या खेपेला मी तीन गोष्टी केल्या. बॅटरी देताना सीरियल नंबर, तारीख आणि 'तपासणीसाठी जमा' असं लिहिलेली पावती घेतली, कारण वाद पुढे गेला तर ती बॅटरीच पुरावा असते. माझ्या वहीतल्या रीडिंगची प्रत सोबत जोडली. आणि नाकारणार असाल तर सेलवार ग्रॅव्हिटीसह लेखी कारण द्या, असा अर्ज दिला. त्याही वेळी तोंडी नकारच आला. मग डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली, पंधरा दिवसांची मुदत देऊन. साध्या मराठीत, एक पान. तिसऱ्या खेपेला तंत्रज्ञानं माझ्यासमोर सहाही टोपणं उघडली, तिसऱ्या सेलचा आकडा पाहिला आणि काही न बोलता फॉर्म भरला.

तिथंही अडलं असतं तर पुढची वाट अशी आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार घेतात. ते न्यायालय नव्हे, पण कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत कागद पोचतो. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019. जुलै 2020 पासून तो लागू आहे, आणि खेड्यातल्या माणसासाठी त्यातली मोठी गोष्ट म्हणजे कलम 34: ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय कुठल्याही राज्यात असो, घनसावंगीच्या माणसाला जालन्याच्या पुढे जायचं कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज जातो. एकट्याला धीर होत नसेल तर नोंदणीकृत ग्राहक संघटना तुमच्या वतीनं तक्रार करू शकते. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती अशाच एकट्या पडणाऱ्या ग्राहकासाठी.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कुणाची चूक काय ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका मोटार खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये डीलरच्या चुकीचा बोजा कंपनीवर टाकला नाही, कारण कंपनीचा स्वतःचा दोष दाखवलेलाच नव्हता. दोष प्रयोगशाळेशिवाय ठरत नसेल तर आयोग कलम 38 खाली बॅटरी तपासणीला पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. समोरच्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी पंधरा. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरवली. आणि आपल्यालाही मर्यादा आहे: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'बघतो', 'पुढच्या आठवड्यात या' यात ती वाढत नाही.

बिलावर खाली छापलेलं असतं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्या ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदतच दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणं या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. बिल न देणंही तसंच.

नवी बॅटरी घरी आणताना एक काम विसरू नका, मी विसरणार होतो. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी सहसा मिळत नाही. जुनीचीच उरलेली चालते. माझी अठ्ठाविसाव्या महिन्यात बदलली, म्हणजे मोफत बदलीचे आठच महिने शिल्लक. जुन्या कार्डावर नवा सीरियल नंबर, बदलीची तारीख आणि दुकानाचा शिक्का डीलरसमोरच घ्या, कंपनीच्या ॲपमध्ये नोंद झाल्याचा मेसेज आपल्या फोनवर आलेला पाहा, आणि मगच बॅटरी गाडीत ठेवा.