तुरीचें बियाणें कां द्यावें?

ज्या उदार व्यापारी व शेतमालक सद्गृहस्थांनीं या कमिटीच्या कार्यास हातभार लाविला, त्यांचे आभार मानून एका पृच्छेचें उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें. दुष्काळी फंडांतून धान्य व कडबा द्यावा हें योग्यच. पण तुरीचें बियाणें कशाकरितां, असें कित्येकांनीं विचारिलें आहे.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. जून-जुलैचा पाऊस बेभरंवशाचा. भर काय तो सप्टेंबरांत. 1876-77, 1899-1900 व 1972 या सालांचे दुष्काळ या जिल्ह्यानें भोगिले आहेत. अशा मुलखांत एकाच पिकावर विसंबणें हें सारें भांडवल एकाच सौद्यांत गुंतविण्यासारखें आहे, हें व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

बाजरी सुमारें तीन महिन्यांत पदरांत पडते. तूर पांच-सहा महिने उभी राहते. बाजरीचीं मुळें वरच्या थरांत पसरतात, तुरीचें सोटमूळ खोल जातें. आरंभींचा पाऊस चुकून बाजरी करपली, तरी सप्टेंबरच्या पावसावर तूर सांवरूं शकते. मागाहून पाऊस तुटला, तर बाजरी घरांत आलेली असते. हैदराबादेजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या राव व विली या संशोधकांनीं 1980 सालीं ज्वारी व तूर यांच्या 94 प्रयोगांचा हिशेब मांडिला. ठराविक किमान उत्पन्न न येणें म्हणजे अपयश असें धरिल्यास, एकटी तूर पांच वर्षांतून एकदां, एकटी ज्वारी आठांतून एकदां, पण दोन्ही एकत्र पेरिल्यास छत्तीसांतून एकदांच फसेल, असें त्यांना आढळलें.

दुसरा लाभ जमिनीचा. हवेंत नत्र विपुल असलें तरी ज्वारी-बाजरीस तें घेतां येत नाहीं. कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु तें वनस्पतीच्या उपयोगी पडेल असें करितात. 1886 ते 1888 या काळांत जर्मनींतील हेलरीगेल व विलफार्थ यांनीं हें सिद्ध केलें. मात्र येथें अतिशयोक्ति नको. तुरीनें मिळविलेलें बरेंच नत्र दाण्याबरोबर शेताबाहेर जातें, व शेजारच्या बाजरीस त्याच हंगामांत फारसें लाभत नाहीं. परंतु तूर आपली बरीच गरज हवेंतून भागविते, म्हणून जमिनींतील सांठ्यावर तितका भार पडत नाहीं; शिवाय गळलेलीं पानें व कुजलेलीं मुळें पुढील पिकाच्या कामीं येतात. याकरितां तूर उपटूं नये, बुडाशीं कापावी.

कोरडवाहू शेतीचें संशोधन सोलापुरांत 1933 पासून चालू आहे. या भागास बाजरीच्या दोन ओळी व तुरीची एक, अशी पेरणी शिफारस केलेली आहे. दर किलो बियाण्यास 25 ग्रॅम रायझोबियम जिवाणू-संवर्धन लावून, तें सावलींत सुकवून पेरावें.

पद्धति सोपी, अडचण आहे ती दोन ठिकाणीं. दुष्काळांत घरचें बीं खाण्यांत संपतें. तें विकत घेण्यास पैसा नसतो. आणि जमीन एका सालाच्या बोलीनें कसणाऱ्यास, जमिनीचा कस पुढील वर्षीं आपल्या पदरीं पडेल अशी खात्री नसते. वकिलीच्या व्यवसायांत अशा तोंडी बोलींचे तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. जो लाभ दुसऱ्यास जाणार, त्याकरितां कोण झटेल?

म्हणून आमची विनंति अशी कीं, व्यापारी बंधूंनीं मृग नक्षत्रापूर्वीं तुरीचें चांगलें बियाणें खरेदीच्या भावानें व बिनव्याजी पुरवावें. शेतमालकांनीं जो कसणारा तूर पेरील त्याच्याच हातीं पुढील सालींही जमीन ठेवावी. व इतर दात्यांनीं आपल्या देणगीचा कांहीं भाग बियाण्याकडे लावण्यास अनुमति द्यावी. धान्यवाटप बंद होणार नाहीं. परंतु तेंच कुटुंब पुढील वर्षीं पुन्हां मदतीच्या रांगेंत उभें राहूं नये, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं पेरणीपूर्वीं आम्हांस कळवावें.